दुधाविना अंगतपंगत

अंबरनाथ पश्चिमेला दर महिन्यातल्या एका रविवारी आमची अंगतपंगत भरते. प्रत्येकाने घरून एक पदार्थ करून आणायचा आणि सगळ्यांनी मिळून खायचा. ताट, वाटी, पेला आपापला. वर्गणी नाही, भाषण नाही. अट एकच: पदार्थात जनावराकडून आलेलं काही नको. मटण, मासे, अंडी नकोतच. दूध, दही, तूप, लोणी, मध हेसुद्धा नको. व्हीगन म्हणतात ते हेच. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या मूठभर सोबत्यांना शाकाहारी मंडळींपुढे दुधाचा प्रश्न मांडायचा होता. तिथे तो मांडता येईना, म्हणून त्यांनी वेगळी चूल मांडली. आमची चूल त्या मानाने फार लहान आहे.

या पंगतीला नियमाने येणारे आणि जेवून उठताना नियमाने वाद घालणारे एक काका आहेत. ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले, मूळचे धाराशिव जिल्ह्यातले, बुद्धविहारातल्या वाचनालयाचं काम पाहणारे. घरी दर रविवारी मटण होतं आणि ते ती गोष्ट लपवत नाहीत. आमच्यातलं बोलणं एका बैठकीतलं नाही. काही जिन्यात झालं, काही भाजीबाजारात, काही पंगतीतच. इथे ते जोडून लिहिते आहे, कारण आमच्यासारख्या शहरात असं काही चालवायचं तर काकांच्या प्रश्नांना बगल देऊन चालणार नाही.

काका : तुझ्या जेवणाला मी नाव ठेवत नाही पोरी. वालाचं बिरडं फक्कड झालं होतं. पण मागच्या वेळी ज्या सोसायटीच्या हॉलमध्ये आपण बसलो, तिथं फळ्यावर काय लिहिलं होतं ते वाचलंस का?

मी : ‘शुद्ध शाकाहारी सहभोजन.’ ते मी लिहिलं नव्हतं काका. तिथल्या मंडळींनी हौसेने लिहिलं.

काका : हौसेनंच लिहितात. घर भाड्यानं द्यायचं नसतं तेव्हाही हौसेनंच विचारतात, ‘तुम्ही नॉनव्हेज खाता का?’ आडनाव विचारायची लाज वाटते, मग ताटाची चौकशी करायची. माझ्या मुलानं कल्याण ते बदलापूर खोली शोधली तेव्हा किती ठिकाणी हे ऐकून घेतलं ते त्यालाच विचार. आता त्याच सोसायट्या तुला हॉल फुकट देतात. का देतात?

मी : आम्ही कोंबडी आणणार नाही म्हणून देतात, हे मला कळतं. पण त्यांच्या ‘शुद्ध’ थाळीत काय असतं ते बघा ना. पनीर, श्रीखंड, बासुंदी, वरून तुपाची धार. त्या थाळीतल्या निम्म्याहून जास्त पदार्थांना आमच्या पंगतीत जागा नाही. त्यांचा प्रश्न विटाळाचा आहे, माझा जनावराचा आहे. मी कुणाला बाटवायला निघालेली नाही आणि शुद्ध करायलाही नाही.

काका : तुझ्या मनात काय आहे ते फळा वाचणाऱ्याला कसं कळावं? जिन्यावरून जाणारा माणूस एवढंच वाचतो, की इथं आपल्याला बोलावलेलं नाही.

या मुद्द्यावर काका पूर्ण बरोबर आहेत असं मला वाटतं, आणि तेवढ्यावर मी थांबणार नाही. मांस खाणारा आणि न खाणारा ही रेघ आपल्याकडे जातीच्या रेघेवरूनच ओढली गेली. डॉ. आंबेडकरांनी १९४८ सालच्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात अस्पृश्यतेचं मूळ शोधताना गोमांसाचा प्रश्न मध्यभागी ठेवला होता. कुणी काय खावं हे सांगण्यामागे कुणी कुठे राहावं हे सांगणं किती काळ दडून राहिलं आहे, याची आठवण काकांच्या पिढीला करून द्यावी लागत नाही. त्यामुळे दूध-मांस वगळून केलेली पंगत इथे कोऱ्या पाटीवर लिहिता येत नाही. लंडनमध्ये किंवा बर्लिनमध्ये व्हीगन माणूस गर्दीच्या विरोधात उभा असतो. इथे तो न विचारता गर्दीतल्या एका सवर्ण गटाच्या मांडीला मांडी लावून बसलेला दिसतो.

काका : आणि सरकार, पालिका ह्यांचं काय? २०२५ च्या १५ ऑगस्टला शेजारच्या कल्याण-डोंबिवली महापालिकेनं मटणाची दुकानं बंद ठेवायचा आदेश काढला. स्वातंत्र्याच्या दिवशी! त्याआधी २०२३ च्या नोव्हेंबरात सरकारनं शाळेतल्या पोरांना आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचे पैसे काढून घेतले. लोकवर्गणीतून द्या म्हणाले. पोरांच्या तोंडचं अंडं काढणारे लोक आणि तू, तुमच्या दोघांच्या यादीत अंडं नाहीच ना?

मी : माझ्या यादीत नाही. पण त्या पोरांच्या ताटातून ते काढा असं मी कधी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. ज्याच्यापुढे दुसरं ताट नाही त्याला सोडायला सांगणं मला पाप वाटतं. सांगायचं तर ज्याच्यापुढे दहा पदार्थ आहेत त्याला सांगावं. पण काका, पिंजऱ्यातल्या कोंबडीला एका कागदाएवढी जागा मिळते, पंख पसरता येत नाहीत, हेही मी सांगणार. पालिकेचा आदेश चुकीचा होता म्हणून कोंबडीचा पिंजरा बरोबर ठरत नाही.

काका : दोन्ही एकदम सांगशील तर लोक एकच ऐकतील.

मी : म्हणून माणसं बसवून, जेवू घालून सांगते.

काका हसले नाहीत. गेली काही वर्षं ते ज्या तऱ्हेच्या बातम्या वाचत आले आहेत, त्या वाचून मलाही हसू आलं नसतं. १९७६ च्या कायद्याने राज्यात गाय कापायला बंदी होतीच. १९९५ ची दुरुस्ती मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची सही होऊन लागू झाली आणि बैल, वळू यांचीही भर पडली. म्हैस त्यातून वगळली आहे. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आणलेलं गोमांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं.

मी : या कायद्याशी माझं काही देणंघेणं नाही, हे मी पंगतीतही सांगितलं आहे. त्या कायद्यात दूध जसंच्या तसं चालू आहे. गाय माता म्हणायची, तिचं वासरू बाजूला बांधायचं आणि तिचं दूध पिशवीत भरायचं. मला गाईची पूजा नको आणि तिच्या नावाने माणसाला मारहाण तर नकोच नको. मला म्हशीचंही तितकंच वाटतं, आणि तिला तर कुणी माता म्हणत नाही.

काका : म्हशीचं काय वाटतं ते सांग. तुम्ही शहरातली माणसं दुधावर का उठता, ते मला नीट कळलेलं नाही.

मी : कल्याणच्या दूधनाक्यावर तुम्ही किती वेळा गेला असाल. तिथलं ताजं, दाट दूध कुठून येतं? आपल्या पट्ट्यातल्या तबेल्यांचा हिशोब साधा आहे. व्यायलेली म्हैस बाहेरून आणायची, कधी गुजरातकडून, कधी हरयाणाकडून. दूध देते तोवर ठेवायची. आटली की विकायची, आणि आटलेल्या म्हशीला शेवटी गिऱ्हाईक कोण असतं ते तुम्हाला माहीत आहे. पारडू प्यायलं तर तेवढं दूध कमी भरतं. पारडी निदान पुढे म्हैस होईल, रेडकाचा उपयोगच काय? ते खुंट्याला बांधलेलं असतं, पोट आत गेलेलं. मारावं लागत नाही, खायला घातलं नाही की झालं. पान्हा सुटावा म्हणून म्हशीला इंजेक्शन टोचतात. आपण रोज सकाळी चहा घेतो तो या सगळ्यावर.

काका : गावात असं नसतं. आमच्या आईनं शेजाऱ्याची म्हैस अर्धलीनं सांभाळली होती. रेडकाला ताक पाजायची.

मी : तशा घरातलं दूध मला कुणी दिलं तर माझ्या तोंडून एवढं कडू निघणार नाही. पण पिशवीतलं दूध त्या घरातून येत नाही काका.

काका : काही येतं की. आमच्याकडं पाऊस गेला की शेतात काही राहत नाही. दर दहा दिवसांनी डेअरीचं बिल येतं, त्यावर पोरीची फी भरली जाते, दवाखाना होतो. २०१८ च्या जुलैत शेतकऱ्यांनी रस्त्यावर दूध ओतलं, लिटरमागं ५ रुपये जास्त मिळावेत म्हणून. टीव्हीवर शहरातली माणसं हळहळत होती, दूध वाया गेलं म्हणून. दूध सोडा म्हणणारी तू, त्या बाईला काय देणार आहेस दहाव्या दिवशी?

याला माझ्याकडे पुरतं उत्तर नव्हतं आणि आजही नाही. आमच्या पंगतीने एका डेअरीचं एक पातेलंही रिकामं राहिलेलं नाही, हे खरं आहे. पण ज्या धंद्यात दूध काढणाऱ्या बाईला भाव मिळत नाही आणि जनावराला जगणं मिळत नाही, तो धंदा तसाच राहावा हे तिच्याही हिताचं नाही, असं मला मनापासून वाटतं. तिच्या शेतातली ज्वारी, तूर, जवस, तीळ शहराने नीट भावाने घ्यावेत ही मागणी दुधाइतक्या जोराने कुणी करत नाही. आमच्या पंगतीतल्या भाकरीचं पीठ आम्ही मुरबाडकडच्या नाचणीचं आणतो. हे उत्तर नाही, पण या दिशेने आम्ही चालतो आहोत. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधात साधारण १२०, आणि न सोललेल्या तिळात हजाराच्या घरात. ब-१२ मात्र झाडापासून मिळत नाही, त्याची गोळी घ्यावी लागते. हे आम्ही पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगतो आणि मग वाढतो.

काका : नाचणी, ज्वारी हे बोललीस म्हणून विचारतो. शाहू पाटोळ्यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ वाचलंस ना? मीच दिलं होतं वाचनालयातून.

मी : वाचलं. २०१५ चं पुस्तक आहे, मला फार उशिरा मिळालं.

काका : ते आमच्याच जिल्ह्यातले. महार-मांगांच्या घरात काय शिजायचं ते लिहिलंय. दूध, तूप आमच्या घरात कुठलं? तेलसुद्धा थेंब मोजून. अंबाडीची भाजी शिजवून घोटायची, त्यात ज्वारीच्या कण्या, लसूण, मिरची, मीठ. झालं. आम्ही त्याला परिस्थिती म्हणायचो. तू त्याला तत्त्व म्हणतेस.

मी : म्हणून तर मला तुमच्या आईचं रांधणं या पंगतीच्या मध्यभागी हवं आहे. बदामाचं दूध नको आहे.

काका : बघ हां. आमची अंबाडी आता शहरात फॅशन होईल, आणि ती करणाऱ्या बाईला त्याच सोसायटीत घर मिळणार नाही.

या वाक्यानंतर बराच वेळ मी काही बोलले नाही. आमच्या पंगतीतही एकदा कुणी काजूचं चीज घेऊन आलं होतं, आणि बघता बघता सगळं बोलणं कुठल्या ॲपवर काय मिळतं यावर गेलं. मागच्या बाकावर बसलेल्या बायकांनी आपले डबे पुढे सरकवलेच नाहीत. बदामाचं पाकीटबंद दूध म्हशीच्या दुधाच्या तिप्पट-चौपट किमतीला येतं. २०२२ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आहेत, पाकिटावर वेगळं हिरवं चिन्ह असतं. ते चिन्ह उपयोगी आहे, नाकारत नाही. पण ज्याला या जेवणाची सुरुवात त्या चिन्हापासून होते असं वाटतं, त्याने कोकणातल्या एका घरात आठवडाभर जेवून बघावं. माझं माहेर तिकडचं. घावन आणि नारळाचा रस, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सोलकढी, रसातल्या शेवया. मासे बाजूला काढले की आमच्या चुलीवर बाकी जे उरतं त्यात दुधाचं नाव जवळजवळ नसतं. मी मासे सोडले तेव्हा आई रडली होती. दूध सोडलं तेव्हा तिने फक्त चहाचं काय करणार ते विचारलं.

पंगतीत हे घराघरांतून येतं. उल्हासनगरहून एक मावशी सिंधी कढी आणतात. आपल्याला कढी म्हटलं की ताक आठवतं. त्यांच्या कढीत ताक नसतंच. बेसन तेलात खमंग भाजायचं, पाणी घालून उकळायचं, चिंच, गवार, भेंडी, शेवग्याची शेंग. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावण्यांत आलेल्या माणसांनी ती सोबत आणली. १९४९ मध्ये त्या छावण्यांचं उल्हासनगर झालं आणि कढी तिथेच राहिली. कोहोजगावची एक मैत्रीण ईदच्या महिन्यात शीरखुर्मा नारळाच्या दुधात करते. बदलापूरचे एक मास्तर पावसाच्या तोंडावर शेवळं आणतात. स्टेशनबाहेर ठाकूर आणि कातकरी बायका जुड्या घेऊन बसतात, त्यांच्याकडूनच. शेवळं निवडणं हे काम आहे. वरची पानं सोलायची, देठातला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून काकड या रानफळांच्या रसात शिजवायचं, नाहीतर घशाला खाज सुटते. आमच्या इथे बरेच जण त्यात सोडे घालतात. मास्तर वाल घालतात.

दह्याचा प्रश्न सगळ्यात जास्त विचारतात, म्हणून तोही सांगते. शेंगदाणे रात्रभर भिजवायचे, सालं काढून पाणी घालून वाटायचे, फडक्यातून गाळायचे. ते दूध सतत ढवळत उकळायचं, कोमट होऊ द्यायचं आणि त्यात हिरव्या मिरचीचे देठ टाकून झाकून ठेवायचं. विरजण लागत नाही, देठावरच्या जिवाणूंनीच ते लागतं. अंबरनाथच्या उन्हाळ्यात आठ-दहा तासांत घट्ट होतं. त्याला शेंगदाण्याचा वास येतो आणि तो जात नाही. जिरं-मिरचीची फोडणी दिलेल्या कोशिंबिरीत तो चालून जातो, ताकात चालत नाही.

गडबड होते ती घरच्या हाताच्या सवयीने. पोळीला तूप लावलेलं असतं. कोथिंबीरवडीच्या पिठात चमचाभर दही असतं. ‘भाजीत काही नाही’ म्हणून आणलेल्या डब्याला तुपाची फोडणी असते. बेकरीच्या पावात, बिस्किटांत दुधाची पावडर असते. म्हणून प्रत्येक डब्यासोबत चिठ्ठी असते आणि तिच्यावर सगळे जिन्नस लिहिलेले असतात, शेंगदाणे ठळक, कारण काहींना ते सोसत नाहीत. चुकलेला डबा परत पाठवायचा नाही. तो बाजूच्या टेबलावर ठेवायचा, ज्याला हवा त्याने खावा, आणणाऱ्याला अवघडल्यासारखं होऊ द्यायचं नाही. हा नियम काकांनी सुचवला. वेळ मात्र आम्ही ठरवत नाही. ती मध्य रेल्वेच्या रविवारच्या मेगाब्लॉकवर ठरते.

काका : डबा बाजूला ठेवायचा नियम मी का सांगितला, माहितेय? आमच्या आजीनं केलेलं अन्न कुणी परत पाठवायचा प्रश्नच नव्हता, कारण कुणी मागतच नव्हतं. समतानंद गद्र्यांनी चाळीसच्या दशकात झुणकाभाकर सत्यनारायण सुरू केले. पूजेला दलित जोडपं, प्रसादाला झुणकाभाकर, सगळ्यांनी एकत्र बसायचं. मोठं काम. पण सहभोजनात एका ठिकाणी शिजलेलं सगळे खातात. आपल्या घरात शिजलेलं दुसऱ्यानं खाणं ही त्याच्या पुढची गोष्ट.

मी : अंगतपंगतीत तेच होतं ना काका. तिथे चाळीस चुलींवरचं अन्न एका टेबलावर येतं. कोणाचा डबा कोणाच्या घरचा ते विचारायचं नाही, चिठ्ठीवर जिन्नस लिहायचे, नाव नाही.

काका : ते मला पटतं. म्हणून तर येतो.

मी : म्हणजे जनावरांसाठी येत नाही?

काका : नाही. खोटं कशाला बोलू?

मी तेव्हा अशोकाचा विषय काढला. अशोकाचे लेख आपल्यापासून फार लांब नाहीत; १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना नालासोपाऱ्याला त्यांचा तुकडा सापडला होता. पहिल्या शिलालेखात राजा सांगतो, की पूर्वी त्याच्या भटारखान्यात रोज लाखो जीव मारले जात, आता तीनच मारले जातात, दोन मोर आणि एक हरिण, आणि पुढे तेही मारले जाणार नाहीत. जनावराची कणव कुणा एका वर्णाची मिरास नाही, हे मला काकांना त्यांच्याच परंपरेतून सांगायचं होतं.

काका : आवडतो मला तो लेख. सुरुवात स्वतःच्या भटारखान्यापासून केली राजानं.

मी : पुढे पाचव्या स्तंभलेखात त्याने काही ठरावीक दिवशी मासे विकायलाही मनाई केली आहे. तेही सांगायला हवं.

काका : तिथं मला अशोकही पटत नाही. आणि आता माझं ऐक. देवदत्तानं बुद्धाकडं पाच मागण्या केल्या होत्या, त्यात एक होती, भिक्खूंनी जन्मभर मासे-मांस खाऊ नये असा नियम करा. बुद्धानं नियम केला नाही. ज्याला पाळायचं त्यानं पाळावं म्हणाला. तो काही मांसाचा भोक्ता नव्हता. घरोघर भिक्षा मागणाऱ्या माणसानं ताटावर अट घातली की कुठली घरं वगळली जातात, ते त्याला कळत होतं.

मी : पण त्याने एक अट ठेवली होती काका. आपल्यासाठी जीव मारताना पाहिलं नसावं, ऐकलं नसावं, तशी शंकाही नसावी. तेव्हा भिक्षेकऱ्याला ते शक्य होतं. आज आपण गिऱ्हाईक आहोत. पिशवी आपल्यासाठीच भरली जाते. तबेला, कोंबड्यांचे पिंजरे, सगळं मोबाइलवर दिसतं. ‘पाहिलं नाही’ म्हणायची सोय आपल्याला कुठे उरली?

काका बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, हे मी वाचनालयात मांडून बघतो, तिथं चार जण चांगले भांडतील. त्यांनी मान्य केलं नाही. घरचं रविवारचं मटण बंद झालेलं नाही, आणि मी त्यांच्याकडे गेले की रेडकाचा विषय काढल्याशिवाय राहत नाही. काकू चहा टाकताना आता दोन भांडी ठेवतात, एकात दूध, एकात आलं-गवती चहाचा कोरा.

हॉलचं मात्र ठरलं. पुढच्या महिन्यापासून पंगत विहाराच्या सभागृहात. फळ्यावर ‘शुद्ध’ लिहायचं नाही, ‘शाकाहारी’ही नाही, फक्त ‘अंगतपंगत, जिन्नसांची चिठ्ठी आणा’. आधीच्या सोसायटीतली काही मंडळी तिथे येणार नाहीत, हे मला दिसतं आहे. त्यांना मी एकेकीला फोन करते आहे. ज्या येतील त्यांच्याशेजारी मी स्वतः बसेन. ज्या केवळ जागा बदलली म्हणून येणार नाहीत, त्यांच्यासाठी मी जागा पुन्हा बदलणार नाही.

तारखेवर शेवटचा वाद झाला. मला श्रावणातला रविवार हवा होता.

काका : श्रावणात कशाला? तेव्हा अर्धं अंबरनाथ तसंही सोडून बसलेलं असतं.

मी : म्हणून तर. गेल्या श्रावणात सगळ्यात जास्त माणसं आली होती.

काका : ती गर्दी श्रावणाची, तुझी नाही. त्यातले निम्मे देवासाठी आलेले, आणि साबुदाण्याच्या खिचडीत तूप का नाही म्हणून विचारत होते. तुला जनावराबद्दल बोलायचंय ना? मग आखाडात ठेव. गटारीच्या आधीचा रविवार. मटणाच्या दुकानापुढं रांग लागलेली असते तेव्हा कोण येतं ते बघू.

मी : तुम्ही याल? त्या रविवारी?

काका : दुपारी येईन. रात्रीचं बोलू नकोस.

तारीख आखाडातली धरली आहे. अंबाडीची भाजी आणि कण्या काका आणणार आहेत, काकूंच्या हातच्या नाहीत, स्वतः करून. नाचणीचं पीठ शनिवारी आणावं लागेल, कारण रविवारी सकाळी ब्लॉक आहे.